भाडेकरूंचे घुमट

सुरतेची पहिली लूट महाराष्ट्रातल्या मुलांना चौथीच्या इतिहासातच भेटते. जानेवारी १६६४. मुघल अंमलदार इनायतखान किल्ल्याचे दरवाजे लावून आत बसला, शहर उघडे पडले, वीरजी व्होरासारख्या बड्या सावकारांच्या हवेल्या फोडल्या गेल्या. धड्यात एवढे असते. पुढे थोडे अधिक वाचलेल्यांना हेही ठाऊक असते की इंग्रजांनी आणि वलंदेजांनी आपापल्या वखारी राखल्या, आणि इंग्रजांचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन याने तर होती तेवढी माणसे गोळा करून, ढोल-कर्णे वाजवत शहरातून फेरीही काढली. मात्र हा ऑक्झेंडन पुढे सुरतेतच वारला आणि त्याचे दुमजली, घुमटाचे थडगे कतारगाम दरवाजाच्या बाजूला आजही उभे आहे, असे सांगितले की इतिहासाचे चांगले जाणकारही ‘असं का?’ म्हणतात.

हे पुस्तक त्या थडग्याविषयी आणि त्याच्या शेजाऱ्यांविषयी आहे. सुरतेत इंग्रजांची जुनी दफनभूमी एक, आणि गुलाम फळियातली वलंदेजांची व आर्मेनियन व्यापाऱ्यांची दुसरी. दोन्ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित यादीत आहेत. कतारगाम म्हणजे आजच्या सुरतेतला हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांचा भाग. २०११ च्या जनगणनेत ४४ लाखांच्या वर गेलेल्या शहराची सगळी वर्दळ या कुंपणांना घासून जाते. आतले काळवंडलेले घुमट पाहून नवख्याला वाटते, कुणा मुघल सरदाराचा मकबरा असावा. जवळ जाऊन लेख पाहावा, तर तो लॅटिनमध्ये!

वसाहतकाळातली दफनभूमी म्हटली की आपल्यापुढे कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीटसारखी जागा येते. ती १७६७ मध्ये सुरू झाली, म्हणजे प्लासीनंतर दहा वर्षांनी, बंगालची दिवाणी हाती आल्यावर. तिथले उंच सुळके आणि ग्रीक धाटणीचे खांब राज्यकर्त्यांचे आहेत, आणि ते तसे दिसतातही. सुरतेचे गणित निराळे आहे. इथले सर्वांत भव्य बांधकाम सतराव्या शतकातले आहे, आणि ते करणारे लोक तेव्हा कुणाचेही राज्यकर्ते नव्हते. बादशहाच्या बंदरात बादशहाच्या परवान्यावर राहणारे ते व्यापारी होते. साम्राज्य येण्याआधीची ही थडगी आहेत. त्यांचे खरे मोल मला त्यातच दिसते, आणि त्यांच्या जतनाचा विचारही तिथूनच सुरू व्हायला हवा.

१६०८ मध्ये ‘हेक्टर’ हे जहाज सुरतेला लागले. त्याचा कप्तान विल्यम हॉकिन्स जहांगिराच्या दरबारी आग्र्याला गेला, बादशहाच्या मर्जीत राहिला, पण वखारीचे काम काही पदरात पडले नाही. १६१२ च्या अखेरीस सुवाळीच्या समुद्रात इंग्रजांनी पोर्तुगीज जहाजांना तोंड दिले, तेव्हा कुठे मुघल अधिकाऱ्यांना या नव्या टोपीकरांत काही दम आहे असे वाटले आणि व्यापाराची परवानगी मिळाली. १६१५ मध्ये सर टॉमस रो इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून आला. बादशहाने बरोबरीच्या नात्याने तह करावा यासाठी तो जवळजवळ तीन वर्षे दरबाराच्या मुक्कामांमागून हिंडला. तह झालाच नाही; मिळाली ती फर्माने. त्याच दशकात वलंदेजांनीही सुरतेत बस्तान बसवले. पुढे १६८७ मध्ये ठाणे मुंबईला हलेपर्यंत पश्चिम किनाऱ्यावरच्या इंग्रज कंपनीचा कारभार सुरतेतून चालत होता.

वखार म्हणजे भाड्याची हवेली. खाली मालाची कोठारे, वर राहण्याच्या खोल्या. सुती कापड, नीळ, मिरी यांचे हिशेब, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, सगळ्यांचे जेवण एका टेबलावर, रात्री दरवाजाला कुलूप. नवा अंमलदार आला की नजराणा, जकातीवरून वाद झाला की पुन्हा नजराणा. आणि या सगळ्यावर मरणाची टांगती तलवार होतीच. हगवण, ताप, उन्हाळा आणि अरकाचा अतिरेक यांनी विशी-पंचविशीतली पोरे पटापट जात. जॉन ओव्हिंग्टन हा पाद्री १६९० च्या सुमारास या किनाऱ्यावर आला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांत त्याने एक म्हण ऐकली: माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे.

राहत्या घराची भिंतही ज्यांच्या मालकीची नव्हती, त्यांनी या शहरात कायमचे आणि भपक्याचे असे जे बांधले, ते थडगेच. त्यातही त्यांनी आपल्या देशाची धाटणी आणली नाही. गवंडी इथले, वीट इथली, चुना इथला आणि मोठेपणाची कल्पनाही इथलीच. ज्या शहरात खोजा सफरसारख्या मातब्बराचा मकबरा सगळ्यांच्या नजरेसमोर होता, तिथे मेलेला माणूस थोर होता हे सांगायचे तर घुमट, कमानी आणि सज्जे यांच्याच भाषेत सांगावे लागे. सपाट दगडावर कोरलेला लेख सुरतेच्या बाजारात कुणी वाचणार नव्हते. घुमट मात्र सगळ्यांना वाचता येत होता.

जॉर्जच्या आधी त्याचा भाऊ क्रिस्टोफर ऑक्झेंडन १६५९ मध्ये सुरतेत वारला. त्याच्या लॅटिन मृत्युलेखापाशी वाचकाने थांबावे असे मी आग्रहाने सुचवीन, कारण तो लेख अंतर्बाह्य वखारीतला आहे. मरणाबद्दल बोलताना लिहिणाऱ्याला खतावणीच सुचली. क्रिस्टोफरला आपल्या वहीत वर्षे मांडता आली नाहीत, फक्त दिवस मांडता आले, कारण मृत्यूने अचानक हिशेब मागितला. मग लेख कंपनीच्या मालकांकडे वळतो आणि यात तुमचे किती बुडाले, किती कमावले असे विचारून जमाखर्च मांडतो: मालकांचा नोकर गेला, आमचा सोबती गेला, त्याचा स्वतःचा जीव गेला, पण जमेच्या बाजूला तो मरण हाच नफा म्हणून लिहू शकतो. बायबलातले वचन इतक्या सहजपणे रोजमेळात बसवणारा माणूस धर्मनिष्ठ होता की हजरजबाबी, हे ठरवणे कठीण आहे. आपण कोण आहोत याबद्दल मात्र त्याच्या मनात गोंधळ नव्हता. तो नोकर होता. सत्ता, विजय, देश यांतले एकही अक्षर त्या लेखात नाही.

जॉर्ज गेला १४ जुलै १६६९ रोजी. मधल्या दहा वर्षांत बरेच काही घडले होते. १६६४ च्या प्रसंगाबद्दल कंपनीने त्याला सुवर्णपदक दिले होते. १६६८ मध्ये राजा चार्ल्सने मुंबई बेट कंपनीला देऊन टाकले आणि ते ऑक्झेंडनच्या ताब्यात आले. १६६९ च्या सुरुवातीला तो स्वतः मुंबईला जाऊन कारभाराचे नियम घालून आला. म्हणजे कंपनीच्या मुंबईचा पहिला गव्हर्नर मुंबईत नाही, सुरतेत पुरलेला आहे. मुंबईला आकार देणारा त्याचा वारस जेराल्ड ऑंजियर हाही १६७७ मध्ये सुरतेतच वारला. ऑक्झेंडन बंधूंचे थडगे एकावर एक घुमट असलेले, जाड खांबांचे, सुमारे ४० फूट उंच आहे. वरच्या सज्ज्यात जायला जिना आहे. गिलावा सुटलेल्या जागी आतली वीट दिसते आणि हे सगळे ऐश्वर्य दगडाचे नसून चुन्याने सावरलेल्या विटांचे आहे हे कळते.

वलंदेजांनी याच्यावर ताण केली. त्यांचे सर्वांत मोठे थडगे हेंड्रिक आड्रियान फान ऱ्हेडे याचे. इंग्रजांचे थडगे झाकोळून टाकावे म्हणूनच ते एवढे बांधले, असे जुने लेखक सांगतात. वर-खाली खांबांचे सज्जे, वर मोठा घुमट, आत एकेकाळी भिंतीवर रंगवलेली चित्रे, घराण्यांची चिन्हे, खिडक्यांना कोरीव लाकूडकाम. यातले बरेचसे गेले. पण पूर्वी त्याच्या एका दुरुस्तीवरच सहा हजार रुपये खर्च झाल्याची नोंद आहे, त्यावरून मूळ डौलाची कल्पना करावी.

फान ऱ्हेडे कोचीनचा वलंदेज प्रमुख होता आणि मलबारच्या वनस्पतींवरचा ‘होर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने सिद्ध करवला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचे ज्ञान त्याचा कणा आहे. आणि त्याच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट हे कोचीनमधले तीन कोकणी वैद्य होते. या तिघांचे कोकणीतले निवेदन पहिल्या खंडात नागरी लिपीत छापले आहे. गोव्यातून देशोधडीला लागलेल्या समाजाची भाषा ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात नागरी अक्षरांत उमटली ती या माणसामुळे. आयुष्याच्या शेवटच्या पर्वात कंपनीने त्याला आपल्याच नोकरांचा भ्रष्टाचार शोधायला नेमले. कोचीनहून सुरतेला येताना डिसेंबर १६९१ मध्ये, मुंबईजवळच्या समुद्रात, जहाजावरच त्याचा अंत झाला. ज्यांची चौकशी व्हायची होती त्यांनीच विष घातले, अशी कुजबूज तेव्हापासून आहे. सुरतेच्या वलंदेजांनी त्याला थाटात पुरले. त्या थाटात शोक किती आणि सुटकेचा निःश्वास किती, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

त्याच दफनभूमीत आणखी एक कबर गाजलेली होती. १६६६ मध्ये सुरतेत आलेला फ्रेंच प्रवासी तेवेनो एका मद्यप्रेमी वलंदेज अधिकाऱ्याच्या थडग्याचे वर्णन करतो. माथ्यावर दगडी प्याला, कोपऱ्यांवरही प्याले, आणि त्याचे देशबांधव तिथे येऊन त्याच प्याल्यांत पेय बनवून पीत. परमुलखात दिवस काढणाऱ्यांची दफनभूमी ही त्यांची बैठकीची जागाही होती. वलंदेजांच्या शेजारच्या आर्मेनियनांच्या कबरी मात्र जमिनीलगत, सपाट, आपल्या लिपीत दाटून कोरलेल्या आहेत. इराणपासून मनिलापर्यंत व्यापार करणाऱ्या या समाजाला घुमट उभारून कुणाशी चढाओढ करायची नव्हती.

आता शंभर वर्षे पुढे यावे. इंग्रजांच्या दफनभूमीत मेरी प्राइस या तरुणीची कबर आहे. ती १७६१ मध्ये देवीच्या साथीत गेली. तिच्या अंगावरच्या फोडांचा आणि निष्कलंक आत्म्याचा मेळ घालणारी जुन्या वळणाची कोटी तिच्या लेखात आहे. पण माझी नजर अडते ती तिच्या नवऱ्याच्या हुद्द्यावर. तो ब्रिटिश राष्ट्राच्या कारभाराचा प्रमुख आहे, आणि सुरतेतल्या मुघलांच्या किल्ल्याचा व आरमाराचा गव्हर्नर आहे. दोनच वर्षांपूर्वी, १७५९ मध्ये, इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला होता. नाव अजून मुघलांचे आहे. किल्ल्या मात्र इंग्रजांच्या कमरेला आहेत. हा तोच किल्ला, ज्यात १६६४ मध्ये इनायतखान दडून बसला होता आणि ज्याच्या आधाराशिवाय ऑक्झेंडनला आपली भाड्याची हवेली राखावी लागली होती. १८०० मध्ये नबाबाच्या हाती उरलेला कारभारही गेला. पाठ्यपुस्तकात हा बदल लढाया आणि तह यांच्या यादीतून येतो. इथे तो एका नोकराच्या आणि एका अधिकाऱ्याच्या बायकोच्या मृत्युलेखांत, काही पावलांच्या अंतरावर वाचता येतो.

मराठी वाचकाने हे सगळे आपले समजावे याला मोठे कारण आहे. शिवकालाचा अभ्यास ज्या समकालीन कागदांवर उभा आहे, त्यांत सुरतेच्या वखारीचा पत्रव्यवहार अग्रभागी आहे. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ मध्ये ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’ प्रसिद्ध केले, तेव्हा हे कागद मराठी संशोधकांच्या हाती एकत्र आले. सुरतेच्या लुटीनंतर तीन आठवड्यांच्या आत वखारीचा पाद्री एस्कॅलिओ याने सर टॉमस ब्राउन यांना लिहिलेल्या पत्रात महाराजांचे रूपवर्णन आहे. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक पाहायला आलेला हेन्री ऑक्झेंडन हा याच घराण्यातला. १६७० च्या दुसऱ्या स्वारीत वखार लढवणारा स्ट्रेन्शॅम मास्टर हा जॉर्जचा भाचा. पत्रे लिहिणारी ही माणसे काही अंशी आपल्या इतिहासाची बखरकार आहेत. शत्रुपक्षाची, घाबरलेली, नफ्यातोट्याच्या डोळ्यांनी पाहणारी, पण डोळ्यांदेखत पाहणारी.

मराठी बाजूनेही त्यांना कुणीतरी नीट पाहिले होते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिलेल्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्य साहुकारांची थोरवी सांगतात, आणि लगेच बजावतात की फिरंगी, इंग्रज, वलंदेज वगैरे टोपीकर हे इतर साहुकारांसारखे नव्हेत. त्यांच्या पाठीशी राज्य आहे आणि त्यांना जमिनीची हाव आहे. त्यांना वखारीला जागा द्यावी लागली तर समुद्रकिनारी देऊ नये, आणि पक्के बांधकाम करू देऊ नये. भाडेकरू कधीतरी मालक होऊ पाहील, हे अमात्यांनी किल्ला पडण्याच्या चार दशके आधी ओळखले होते.

ही थडगी का जपावीत, हा प्रश्न आता विचारता येईल. ‘गुलामीच्या खुणा कशाला सांभाळायच्या?’ असे विचारणारा वाचक मूर्ख नसतो. त्याच्या प्रश्नाला ‘वास्तू सुंदर आहे’ हे उत्तर पुरत नाही. सुरतेपुरते उत्तर असे, की या बहुतेक खुणा गुलामीच्या नाहीत. इंग्रज इथे अर्जदार होते त्या काळाच्या या खुणा आहेत. त्या पाडल्या किंवा ढासळू दिल्या, तर इंग्रज पहिल्यापासून धनीच होते अशी जी समजूत त्यांच्या साम्राज्याने पुढे पसरवली, तिच्याविरुद्धचा विटा-चुन्यातला पुरावा आपण आपल्या हातांनी नाहीसा करू.

जतनाचा इतिहासही छोटा नाही. सिंधमधल्या ब्राह्मणाबादचे अवशेष उकरणारे मुंबई इलाख्यातले अधिकारी ए. एफ. बेलासिस यांनी १८६० च्या सुमारास सुरतेच्या जुन्या थडग्यांचे टिपण तयार केले आणि लेख उतरवून घेतले. १८७७ च्या सुरत-भडोच गॅझेटियरनेही त्यांची दखल घेतली. १९०४ च्या प्राचीन स्मारक कायद्याने सरकारी संरक्षणाचा पाया घातला. आज लागू आहे तो १९५८ चा कायदा. तिकडे १९७६ मध्ये थिऑन विल्किन्सन यांच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये दक्षिण आशियातल्या दफनभूमींसाठी एक संस्था निघाली. तिने जमवलेल्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

कायदा असला तरी वास्तूला रोजचे वैरी असतात. पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे बी घुमटाच्या भेगेत पडते. रोप वरवर छाटले की मूळ आत जाड होते आणि वीट फोडते. म्हणून मुळासकट मारल्याशिवाय भेग बुजवण्यात अर्थ नसतो. दुसरा वैरी म्हणजे घाईची दुरुस्ती. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. त्यावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि सिमेंटमागची वीट भुगा होऊन जाते. बाहेरून मात्र काम झकास दिसते. त्यात तापीच्या पुराची भर. २००६ च्या ऑगस्टमधला पूर सुरतेतला माणूस विसरलेला नाही.

आणखी एक अडचण कमी बोलली जाते. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीची अट आहे. दाट वस्तीत याचा अर्थ असा, की शेजारच्या घरमालकाला मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला चढवता येत नाही, आणि तो कुणामुळे, तर साडेतीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका परक्यामुळे. त्याला या घुमटाबद्दल प्रेम कसे वाटावे? पाटी, कुंपण आणि कुलूप यांनी वास्तू शाबूत राहील, पण शेजाऱ्यांना आपली वाटणार नाही. हा माणूस कोण, तो इथे का आला, त्याने इथल्या गवंड्यांकडून काय बांधून घेतले, हे गुजरातीत आणि मराठीतही तिथे लिहिलेले असले पाहिजे. खानदेशातून यंत्रमागांवर कामाला आलेली मराठी कुटुंबे सुरतेत, उधना-लिंबायतच्या बाजूला, मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या मुलांची शाळेची सहल इथे यायला हरकत कसली?

पुढच्या पानांचे तीन भाग आहेत: वास्तूंची वर्णने व मोजमापे, लेखांचे मूळ पाठ व मराठी अर्थ, आणि दुरुस्तीची चर्चा. घाई असलेल्याने निदान दुसरा भाग वाचावा. नोंद घेणे हे जतनातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी करायचे काम आहे, हे त्यावरून कळेल. दगडावरचे अक्षर झिजते, वेळेवर उतरवून घेतलेले टिकते. वेंगुर्ल्याच्या वलंदेज वखारीपासून दापोली-महाबळेश्वरच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमींपर्यंत आपल्याकडेही असे काम पडून आहे. त्याला मोठा निधी लागत नाही. वही, कॅमेरा आणि लेख वाचण्याची चिकाटी एवढ्यावर ते सुरू होते.

आणि सुरतेला जाणाऱ्याने एक करावे. आज्ञापत्रातले साहुकारांचे प्रकरण निघण्यापूर्वी वाचून जावे. मग आधी क्रिस्टोफर ऑक्झेंडनचा लेख पाहावा, त्यानंतर मेरी प्राइसचा. अमात्य कशाबद्दल सावध करत होते, हे त्या दोन लेखांमधल्या १०२ वर्षांत घडलेले आहे.